पारपत्राचे कागद आणि आपले नाव



पासपोर्ट या शब्दाला पारपत्र असा चांगला मराठी प्रतिशब्द आहे. परंतु कचेरीतील माणूस पासपोर्टच म्हणतो आणि घरातील माणूसही पासपोर्टच म्हणतो. तेव्हा मीही आज दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरले तर आपण राग मानू नये. अर्जासोबत पुराव्याचे जे कागद जोडावे लागतात त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे, आणि तेही विशेषेकरून अशा मराठी माणसांसाठी, की ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात, बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेस आहेत. या मंडळींच्या कागदपत्रांची गोष्ट थोडी निराळी असते. जन्माचा दाखला एका लिपीत, शाळेचा दुसऱ्या लिपीत, मतदाराचे ओळखपत्र तिसऱ्याच लिपीत. आणि त्या तिन्हींतून एकच माणूस उभा राहिला पाहिजे अशी पासपोर्ट कचेरीची अपेक्षा.

ती अपेक्षा गैरवाजवी मात्र नाही. पासपोर्टच्या आत काय छापलेले असते ते पुष्कळांनी वाचलेले नसते. भारतीय गणराज्याच्या राष्ट्रपतींच्या नावाने तेथे संबंधित सर्वांना सांगितलेले असते की, या पुस्तिकेच्या धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे आणि लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे. म्हणजे परक्या सरकारापुढे आपले सरकार आपल्यासाठी शब्द टाकीत असते. ज्याच्यासाठी शब्द टाकावयाचा तो कोण, कुठला, केव्हा जन्मलेला, हे आधी विचारून घेणे यात शहाणपणाच आहे. आपण आपल्या आळीत कितीही नामांकित असलो तरी कचेरीला आपली ओळख नसते; तिला ओळख असते ती आपल्या कागदांची.

अशी पत्रे पूर्वी नव्हती असे नाही. मराठी अमदानीत दस्तक असे, आणि ते दाखवून माणसाला व मालाला वाट मिळे. परंतु आज आपण पाहतो ती पासपोर्टची जगभरची सक्ती १९१४ च्या महायुद्धाबरोबर आली, आणि १९२० साली पॅरिसला भरलेल्या राष्ट्रसंघाच्या परिषदेने पुस्तिकेचा एक सर्वसाधारण नमुना घालून दिला. स्वतंत्र भारतातही कित्येक वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारच्या मर्जीची गोष्ट समजली जाई. १९६७ च्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात बहुमताने असा निर्णय दिला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच एक भाग असून कायद्याच्या आधारावाचून तो हिरावून घेता येणार नाही. असा कायदाच तोवर नव्हता. तो त्याच वर्षी झाला, आणि १९६७ चा तो पासपोर्ट अधिनियम आजही चालू आहे. पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात, नागरिकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवता येत नाही, हेही स्पष्ट झाले. हे सांगण्याचे कारण इतकेच की, आपण त्या कचेरीत याचक म्हणून जात नाही. आपण हक्काने जातो. परंतु हक्क सांगणाऱ्याने पुरावा बरोबर आणावयाचा असतो.

कागदांची यादी लांबलचक असते आणि ती पाहून साध्या माणसाची छाती दडपते. वास्तविक प्रश्न तीनच आहेत. आपण केव्हा आणि कोठे जन्मलात? आपण कोठे राहता? आणि या दोन्ही कागदांवरचा माणूस एकच आणि तो आपणच, हे कशावरून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यादीत छापलेली आहेत. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही यादीत नाही, आणि आपल्या लोकांचे घोडे अडते ते बहुधा तेथेच.

जन्माच्या पुराव्यापासून आरंभ करू. येथील नियम अलीकडे दोनदा बदलले असल्यामुळे जुनी, ऐकीव माहिती अजून लोकांच्या तोंडी आहे. पूर्वी २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मनोंदणीचाच दाखला आणावा लागे. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट सैल करण्यात आली. शाळा सोडल्याचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, आयकर खात्याचे पॅन कार्ड, सरकारी नोकराच्या सेवापुस्तकातील उतारा किंवा निवृत्तिवेतनाचा आदेश, वाहन चालविण्याचा परवाना, मतदाराचे ओळखपत्र, आयुर्विम्याची पॉलिसी, अशांपैकी जन्मतारीख असलेला कोणताही एक कागद चालू लागला. नंतर २०२५ च्या फेब्रुवारीत नियमांत पुन्हा दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आता जन्मनोंदणीचा दाखला हाच एकमेव पुरावा होय. मोठ्या माणसांची सवलत मात्र कायम आहे. ही तारीख आकाशातून पडलेली नाही. त्याच दिवशी जन्ममृत्यू नोंदणीचा सुधारलेला कायदा अमलात आला, आणि त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत अनेक कामी हाच दाखला दाखवावा लागणार आहे.

म्हणून ज्यांच्या घरी आज पाळणा हलतो आहे त्यांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. इंदूरची सून बाळंतपणासाठी सांगलीस जाते, बडोद्याची नाशकास जाते, आणि तीन महिन्यांचे मूल घेऊन सासरी परत येते. त्या मुलाच्या जन्माची नोंद मात्र सांगलीस किंवा नाशकासच राहते. कारण नोंद जन्माच्या ठिकाणी होते, वडिलांच्या गावी नव्हे. वर्षे लोटतात. आजोळचे घर विकले जाते, मामा पुण्यास बिऱ्हाड करतात, आणि एके दिवशी त्या मुलाला परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे पत्र येते. मग बडोद्याच्या पालिकेत वडील नोंदवह्या चाळून घेत बसतात आणि नोंद सापडत नाही म्हणून कारकुनावर रागावतात. नोंद सुरक्षित असते. ते चुकीच्या गावात शोधीत असतात.

दुसरी गंमत बारशाची. जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती खबर रुग्णालयच देते, आणि बहुधा पहिल्या काही दिवसांतच देते. बारसे व्हावयाचे असते बाराव्या दिवशी! परिणामी नोंदवहीत आईचे नाव असते, वडिलांचे नाव असते, मूल मुलगा की मुलगी तेही असते. फक्त मुलाच्या नावाची जागा कोरी राहते. असा बिननावाचा दाखला घेऊन कोणी पासपोर्ट कचेरीत गेले तर तो दाखला कोणाच्या जन्माचा, हे कचेरीने कसे ठरवावे? कायद्याने याची सोय केलेली आहे. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव घालून घेतले तर काही शुल्क पडत नाही, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते घालता येते. बारशाच्या घुगऱ्या वाटून झाल्या की दुसऱ्या दिवशी घरातील एका कर्त्या माणसाने नोंदणी कचेरीत जाऊन यावे, अशी प्रथा पडली तर पुढच्या कितीतरी कटकटी वाचतील. ज्यांचा जन्म मुळी नोंदलाच गेला नाही, त्यांनाही दार बंद नाही. एक महिन्यापर्यंत विलंबशुल्काने काम होते, एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. वेळ जितका अधिक तितके जिने अधिक, असा हा हिशेब आहे.

आता १ जूनविषयी. आपल्या आधीच्या पिढीत १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर त्या दिवशी महाराष्ट्रात काही दैवी घटना होत असावी असेच कोणास वाटेल! शाळा जूनमध्ये सुरू होई, मुलाचे वय नियमाप्रमाणे भरलेले हवे, आणि आईला तारीख ठाऊक नसे. तिला एवढेच आठवे की हा गणपतीत झाला, किंवा कोयनेच्या भूकंपाच्या साली झाला. मग गुरुजी लेखणी उचलीत आणि १ जून लिहून मोकळे होत. तेथवर ठीक, पण पालिकेच्या वहीत त्याच मुलाची खरी तारीख कधी भाद्रपदातली नोंदलेली असते. हातात दोन कागद, दोन्हींवर सरकारी शिक्का आणि दोन्हींवर निरनिराळ्या तारखा. असे दोन कागद एकत्र जोडून ‘यातले खरे कोणते ते आपणच पाहा’ असे कचेरीला सांगता येत नाही. आधी कोणती नोंद दुरुस्त होऊ शकते ते पाहून ती त्या त्या कचेरीतून रीतसर दुरुस्त करून घ्यावी आणि मगच अर्ज भरावा. पासपोर्टवर एकदा छापलेली जन्मतारीख बदलून घेणे हे नवीन पासपोर्ट काढण्याहून पुष्कळ जड काम आहे.

याहून नाजूक गोष्ट नावाची, आणि तीही आपल्या स्त्रियांच्या नावाची. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा आजच्यासारखी पासपोर्टची सक्ती नव्हती. असती तर त्यांना पहिला प्रश्न हाच आला असता की, यमुना कोण आणि आनंदी कोण? कारण माहेरची यमुना लग्नानंतर आनंदी झाली होती. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव लिहावयाचे, ही आपल्याकडची हौसेची रीत. पण तांदळात लिहिलेल्या नावाची नोंद कोठेच राहत नाही. ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस राहणारी एखादी सत्तरीची बाई डोळ्यांपुढे आणा. शाळेच्या दाखल्यावर ती कुसुम आहे, पुढे वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव. शिधापत्रिकेवर ती सुनंदा आहे, पुढे पतीचे नाव व सासरचे आडनाव. तिन्ही शब्द निराळे! लग्न झाले तेव्हा त्याची सरकारी नोंद कोणी केली नाही. लग्नपत्रिका जपून ठेवलेली आहे, पण तिला कचेरीत पुरावा म्हणून किंमत नाही. आणि तिची लेक परदेशात पहिलटकरीण आहे, दिवस भरत आले आहेत. येथे जो खोळंबा होतो तो कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. तो त्या दोन बायकांनाच ठाऊक असतो.

यावर तोड काय? लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही, हे तरुण मुलींनी आधी ध्यानात घ्यावे. बदललेले असेल तर विवाहनोंदणीचा दाखला हा माहेर आणि सासर यांना जोडणारा सर्वांत बळकट पूल होय. जुन्या लग्नाची नोंदही उशिराने करून घेता येते. पतिपत्नींनी दोघांच्या छायाचित्रासह मिळून केलेल्या प्रतिज्ञापत्राचीही सोय आहे. परंतु त्या सत्तरीच्या बाईंच्या बाबतीत मला एक अधिक सोपी वाट दिसते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. त्यांचे पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र आणि आधार या सर्वांवर सासरचेच नाव असेल, आणि त्यांतील जन्मतारीख एकच असेल, तर जन्माच्या पुराव्यासाठी माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला पुढे करण्याचे कारणच काय? नियमांनी अनेक कागदांतून एक निवडण्याची मुभा दिलेली आहे. जो कागद इतरांशी जुळतो तो निवडावा. मात्र आपण कधी दुसऱ्या नावाने ओळखले जात होता काय, असे अर्जात स्पष्ट विचारलेले असते. तेथे माहेरचे नाव लपवू नये.

पुरुषांची नावे लग्नात बदलत नाहीत, पण प्रांत बदलला की बदलतात. मध्य प्रदेशात हिंदी लिहिणाऱ्याजवळ ‘ळ’ नसतो, म्हणून काळ्यांचे काले होतात. चव्हाणांचे तर पाहता पाहता चौहान होऊन जातात. तेथे वडिलांचे नाव मध्ये घालण्याची पद्धत नाही, त्यामुळे एका दाखल्यावर त्रिपदी नाव आणि दुसऱ्यावर द्विपदी. बडोद्यास वडिलांचे नाव मध्ये घालतात हे खरे, परंतु गुजराती सौजन्याने रमेशचा रमेशभाई आणि नलिनीची नलिनीबेन होते, आणि हा आदर पुढे कागदावर कायमचा चिकटून बसतो. ग्वाल्हेरचा ‘राव’ त्याच जातीचा. हैदराबादेस व बेळगावास आडनाव आधी किंवा नुसती आद्याक्षरे लिहिण्याची चाल. पासपोर्टवर आद्याक्षरे चालत नाहीत, ती उलगडून पूर्ण नाव द्यावे लागते. शिवाय दक्षिणेत ‘त’ इंग्रजीत लिहिताना पुढे ‘एच’ लावतात, म्हणून पुण्यातली लता आणि सिकंदराबादची लता यांच्या इंग्रजी अक्षरांत एकाचा फरक पडतो. ऐकावयास क्षुल्लक; पण यंत्राला उच्चार कळत नाही, त्याला अक्षरेच कळतात.

नुसत्या एकपदी नावाचा धोका वेगळा. शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘कुमारी सुनीता’ एवढेच नाव असलेल्या मुली माळव्यात पुष्कळ निघतील. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटनाच्या व भेटीच्या व्हिसावर येऊ देण्याचे नाकारले, तेव्हा भारतातील कितीतरी प्रवाशांवर अडचणीचा प्रसंग आला. पुढे वडिलांचे नाव किंवा आडनाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असल्यास चालेल असा खुलासा झाला. तरीही अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नये, हे उत्तम.

हे सर्व जुळवावयाचे कसे, याचा एक ढोबळ नियम सांगता येईल. जन्मदाखला व शाळेचा दाखला हे कागद जुने व ताठ असतात, त्यांत दुरुस्ती कष्टाने होते. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हे नवे व लवचीक असतात, त्यांत दुरुस्ती तुलनेने लवकर होते. तेव्हा नव्या कागदांनी जुन्यांकडे चालत जावे. जुन्यांना नव्यांकडे ओढू नये. नावच समूळ बदलावयाचे असेल तर प्रतिज्ञापत्र करून दोन दैनिकांत जाहिरात द्यावी लागते आणि त्यांपैकी एक आपल्या भागातील असावे लागते. किंवा राजपत्रात प्रसिद्धी करावी लागते. गोव्यात याकरिता १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तेथील मंडळींनी त्याच मार्गाने जावे.

गोव्याचा विषय निघालाच आहे. तेथील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत आणि त्या एका दृष्टीने आपले भाग्यच होय. कारण नागरी नोंदणी तेथे फार आधीपासून काटेकोरपणे होत आली. परंतु पोर्तुगीज लेखनात ‘श’ ‘एक्स’ने लिहितात. आजोबांचे शंकर हे नाव ‘एक्स’ने आरंभ होते, कामतांचे ‘के’ऐवजी ‘सी’ने, आणि नाईकांच्या शेवटी ‘क्यू’ येऊन बसतो. नातवाच्या कागदांवर मात्र इंग्रजी वळण. ही दोन लेखने एकाच घराण्याची आहेत हे गोव्यातील कारकून ओळखतो. दुसऱ्या प्रांतातील ओळखीलच असे नाही. अशा वेळी नोंदणी कचेरीतून प्रमाणित उतारा व त्याचे अधिकृत भाषांतर बरोबर असलेले बरे.

याहून गंभीर गोष्ट नागरिकत्वाची. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या आदेशाने तेथील लोक भारताचे नागरिक ठरले. पोर्तुगालचा कायदा मात्र त्या तारखेपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील पिढ्यांना आपला जन्म लिस्बन येथे नोंदवून तिकडचे नागरिकत्व घेऊ देतो. पुष्कळ गोमंतकीयांनी पोटापाण्यासाठी ही वाट धरली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार घरबसल्या माणसाला नाही. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते, आणि मग भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणे वा त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज करणे हे दोन्ही अडचणीचे होते. लिस्बनला जन्म नोंदवण्याआधी वकिलाला एकवार विचारावे. नंतर विचारून फारसा उपयोग नसतो. याच संदर्भात हेही सांगितले पाहिजे की, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तसे आधारच्या कायद्यातच लिहिलेले आहे.

बेळगावकरांचा प्रश्न तुलनेने सौम्य. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयीच्या भावना या भाषणाच्या कक्षेबाहेर ठेवतो. आजोबांचा दाखला मराठी, नातवाचा कन्नड, आणि २०१४ पासून शहराचे इंग्रजी नावही बदललेले. मात्र गावाचे नाव बदलले तर ते सरकारने बदललेले असते आणि सरकारला ते ठाऊक असते. आपल्या स्वतःच्या नावाबद्दल तसे म्हणता येत नाही.

राहण्याच्या पत्त्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. वीज, पाणी, दूरध्वनी यांचे बिल, गॅसजोडणीचा कागद, नोंदणी केलेला भाडेकरार, छायाचित्रासह असलेले चालू खात्यातील बँकेचे पासबुक, मतदार ओळखपत्र, आधार, यांतील एखादा कागद पुरतो. एकत्र कुटुंबात अडचण एवढीच की, विजेचे बिल अजून कैलासवासी आजोबांच्या नावे येत असते. मुलांना आईवडिलांच्या पासपोर्टचा आणि पत्नीला पतीच्या, किंवा पतीला पत्नीच्या पासपोर्टचा आधार घेता येतो. मात्र त्यावर जोडीदाराचे नाव व तोच पत्ता असला पाहिजे. ‘चालू खाते’ या शब्दाने व्यापाऱ्यांचे खाते समजू नये. व्यवहार सुरू असलेले खाते एवढाच त्याचा अर्थ. २०१८ पासून देशातील कोणत्याही ठिकाणच्या कचेरीत अर्ज करता येतो आणि पोलीस तपासणी अर्जातील पत्त्यावर होते, म्हणून शिकण्यासाठी पुण्यास राहणाऱ्या इंदूरच्या मुलाला आता घरी धावण्याची गरज नाही. २०१७ मध्ये म्हैसूर आणि दाहोद येथून टपाल कचेऱ्यांतील पासपोर्ट सेवा केंद्रांचा आरंभ झाला, त्यामुळे लहान शहरांतील लोकांची पायपीटही कमी झाली आहे.

२०१६ च्या त्याच सुधारणांत एक माणुसकीची गोष्ट झाली, तिचा उल्लेख राहू नये. अर्जात आई व वडील अशा दोघांचीही नावे देण्याची सक्ती उठली. एकाचे किंवा कायदेशीर पालकाचे नाव पुरते. घटस्फोटितांना पूर्वीच्या जोडीदाराचे नाव लिहावे लागत नाही. अनाथाश्रमातील मुलाजवळ जन्माचा पुरावा नसेल तर आश्रमाच्या प्रमुखाचे पत्र चालते, आणि संन्याशाला आईबापांच्या जागी गुरूचे नाव देता येते, मात्र तेच नाव त्याच्या एखाद्या सरकारी कागदावर असावे लागते. साध्या कागदावरील स्वतःची सही असलेले प्रतिज्ञापन पुरेसे मानले जाऊ लागले. अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. एकाची मिळत नसेल तर त्याचे कारण सांगणारे वेगळे प्रतिज्ञापन द्यावे लागते. एकट्याने मूल वाढविणाऱ्या आईला पूर्वी त्या खिडकीपाशी काय काय ऐकून घ्यावे लागे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन ओळींचे मोल कळेल.

खोटा कागद मात्र कोणत्याही सबबीवर जोडू नये. मध्यस्थ म्हणतो, ‘दाखल्याचे मी पाहून घेतो’. तो पाहून घेतो आणि सही आपली असते. खोटी माहिती देऊन किंवा खरी दडवून पासपोर्ट मिळविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे, आणि मिळालेला पासपोर्ट जप्त होतो तो वेगळाच. अर्ज स्वतः भरता येतो, फी जाहीर केलेली असते, आणि पोलीस तपासणीसाठी वेगळे काही द्यावयाचे नसते; चहासुद्धा आपल्या इच्छेने पाजावयाचा.

जाण्याच्या दिवशी मूळ कागद आणि त्यांच्या प्रती, दोन्ही बरोबर घ्याव्यात. आदल्या रात्री जेवणे झाल्यावर ते सर्व कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडावेत आणि घरातील एखाद्या चौकस मुलाला बसवून नावाची इंग्रजी अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचावयास सांगावीत. फरक असलाच तर तो तेथे सापडतो. कचेरीत एखादा कागद अपुरा म्हणून परत दिला गेला तर नेमका कोणता आणि त्याऐवजी काय हवे, ते तेथल्या तेथे लिहून घ्यावे. आणि पासपोर्ट देण्यासच नकार मिळाला तर कारण मागण्यास संकोचू नये. नकाराची कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, मागितल्यास त्यांची प्रत द्यावी लागते, काही थोडे अपवाद सोडल्यास, आणि त्या निर्णयावर अपील करण्याची वाटही १९६७ च्या कायद्यानेच ठेवलेली आहे.